पुण्यात शेतकऱ्याच्या हातून भाजी घ्यायला तुम्ही कुठल्या बाजारात जाता?

मोगरा_वारजे

नमस्कार मंडळी. आम्ही वारज्याला राहायला येऊन वर्ष होत आलं, घरात खाणारी पाच माणसं, आणि भाजीचं काही बस्तान बसत नाहीये. ॲपवरून दहा मिनिटांत जी मेथी येते ती पिशवीतच घामेजलेली असते, गवार मोडायला गेलं तर नुसती वाकते, आणि कोथिंबिरीला वास म्हणून नाही. मी मूळची अकोल्याकडची, आठवडी बाजारातून भाजी आणायची सवय, ज्याने पिकवलं तोच समोर बसलेला असायचा, त्याला विचारलं की हे वांगं भरताचं का रश्श्याचं तर तो नीट सांगायचा आणि नसलं चांगलं तर घेऊ नका म्हणायचा.

इथे आमच्याजवळ एक मांडव लागतो, वर मोठा बोर्ड 'शेतकरी ते थेट ग्राहक', आणि खाली बघितलं तर किवी, सफरचंद, ब्रोकोली. हे सगळं एका शेतात कसं पिकतं?

तर मला सांगा तुम्ही स्वतः कुठे जाता, कुठल्या वेळेला जाता, आणि मुख्य म्हणजे तिथून नेमकं काय आणता. नुसतं बाजाराचं नाव नको, तिथलं काय चांगलं ते हवंय. आणि समोरचा खरंच शेतकरी आहे हे ओळखायचं कसं? लांब जायची तयारी आहे, नवरा आणि मी दोघंही पहाटे उठणारे आहोत.

शुक्रवार_पेठ

ताई, माझं उत्तर महात्मा फुले मंडई. आणि आधीच सांगते की आतले गाळेधारक हे शेतकरी नाहीत, व्यापारी आहेत. पण पिढ्यान् पिढ्या एकाच मालात मुरलेली माणसं आहेत ती, आलं-लिंबू-मिरचीवाला वेगळा, पालेभाजीवाली वेगळी, कांदा-बटाटा वेगळा, आणि प्रत्येकाला आपल्या मालाची खडान् खडा माहिती. माझ्या नेहमीच्या मावशींना मी सांगितलं की उद्या लोणचं घालायचंय तर त्या लिंबं स्वतः निवडून देतात, पातळ सालीची, कागदी. ॲपला हे सांगणार कसं?

इमारत १८८६ ची, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणायचे, त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतिराव फुले नगरपालिकेत सदस्य होते तेव्हा त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा म्हणून, आणि पुढे मंडईला नाव त्यांचंच दिलं गेलं. मला हे फार योग्य वाटतं कारण शेतकऱ्याची बाजू त्या काळात त्यांच्याइतकी पोटतिडकीने कुणी मांडली नाही. कधी आत गेलात तर मान वर करून तो अष्टकोनी मनोरा जरूर बघा, लोक भाजी घेऊन तसेच बाहेर पडतात.

शेतकरी बायका भेटतात त्या बाहेर, जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या. दोन जुड्या अंबाडीच्या, थोडी चाकवत, एखादा वाटा हरभऱ्याच्या पाल्याचा, बास. त्यांच्याकडे थांबा. आणि वर्षातून एकदा तरी भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत या. हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या आणि घेवड्याच्या शेंगा, गाजरं, बोरं, उसाचे करवे, कोवळी वांगी, सगळं एकाच फेरीत मिळतं, आणि भाजी घेणाऱ्या बायका एकमेकींना विचारत असतात तुमच्याकडे तीळ कुटून घालता का तसेच. गर्दी खूप असते पण त्या दिवशीची मंडई मला वर्षभर पुरते.

पार्किंगची काळजी नको, २०२४ पासून मेट्रो मंडईलाच थांबते. वारज्याहून तुम्ही वनाजला या, तिथून मेट्रो पकडा आणि सिव्हिल कोर्टला (आताचं जिल्हा न्यायालय स्टेशन) बदला.

पुरंदर_बागायत

मी सासवडच्या पुढचा आहे, अंजीर, सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे.

शेतकरी ओळखायचा तर त्याच्या पुढ्यात किती प्रकार आहेत ते मोजा. माझ्याकडे कुठल्याही दिवशी दोन-तीन गोष्टींपेक्षा जास्त काही नसतं, कारण एका वेळी तेवढंच तोडायला आलेलं असतं. माल एकसारखा नसतो, लहान-मोठा असतो, कारण प्रतवारी करून वेगळा केलेला नसतो. आणि तिसरं म्हणजे विचारा, लागण कधीची, वाण कुठलं, कितवा तोडा चाललाय. ज्याने पिकवलंय तो थांबतच नाही बोलायचा, यंदा पाऊस कसा पडला, किती फवारण्या झाल्या, मजूर मिळाले का नाही, सगळं सांगतो. ज्याने मार्केटवरून उचलून आणलंय तो म्हणतो ताजं आहे घ्या ताई, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तो माणूस वाईट आहे असं नाही, त्याचंही पोट आहे, फक्त त्याने शेतकऱ्याचा बोर्ड लावू नये एवढंच माझं म्हणणं.

आता बाजार. आम्ही दिवे घाट उतरलो की पहिलं हडपसर लागतं, म्हणून आमच्या भागातला बराच माल तिथेच येतो. हडपसरच्या मंडईत पहाटे या, उजाडायच्या आत. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, उरुळी कांचनकडचे लोक टेम्पोतून येतात, आमच्याकडचे घाटातून येतात. पालेभाजी शेकड्यावर विकली जाते म्हणजे शंभर जुड्यांचा भाव ठरतो, पण उजाडता उजाडता कुणाच्या दहा-वीस जुड्या उरलेल्या असतात आणि त्याला घरी परतायची घाई असते, तेव्हा सुटं मिळतं. मांजरीलाही बाजार समितीचा उपबाजार आहे, तिथे शेतकरी स्वतः उभा राहून छोट्या विक्रेत्यांना माल देतो, मधे आडत्या म्हणजे दलाल नसतो. मला तो बाजार मनापासून आवडतो कारण माझ्या मालाचा भाव माझ्या तोंडून निघतो.

नाहीतर काय होतं ते सांगतो म्हणजे थेट विकण्याचं आम्हाला एवढं का असतं ते कळेल. माल गुलटेकडीच्या मार्केटयार्डला गेला की गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन जी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येते ती बघून कधी कधी कॅरेट परत आणायलाही परवडत नाही. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त झाला, आडत आता शेतकऱ्याकडून नाही तर खरेदीदाराकडून घेतात, बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळीक आली, हा आमच्यासाठी मोठा बदल होता. पण शंभर किलो वाटाणा घेऊन शहरात उभं राहायला जागा लागते आणि उभा राहणारा माणूस लागतो. तो माणूस घरचाच, आणि तो शहरात उभा असतो तेव्हा रानात कुणी नसतं. म्हणून थेट घेतलेला माल फार स्वस्त असेल असं धरून येऊ नका. ताजा असेल, आणि पैसे रानात जातील.

अंजिराबद्दल थोडं जास्त लिहितो, राहवत नाही. अंजीर तोडायचं उजाडताना, ऊन चढायच्या आधी. देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना लागून लागून आग होते, सीझनमध्ये आमच्या घरच्या बायकांची बोटं सोलवटलेली असतात. फळ इतकं नाजूक की दाबलं तर गेलंच, म्हणून अंजिराचीच पानं खाली-वर घालून बॉक्स भरतात. आणि एवढं करून ते जेमतेम एक-दोन दिवस टिकतं. थंडीत येतो तो खट्टा बहार, उन्हाळ्यात मीठा बहार, खायला मीठा बहारच घ्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. फ्रीजमधून काढलेलं, टणक, हिरवट अंजीर खाऊन कुणी म्हणालं की अंजीर काही खास लागत नाही तर मला वाईट वाटतं, कारण त्यांनी अजून अंजीर खाल्लेलंच नाही.

बालेवाडी_बाल्कनी

वरच्या दादांच्या ओळखायच्या खुणा बरोबर आहेत पण एक गोष्ट जोडते, नाहीतर चांगल्या बाजारांवर अन्याय होईल.

शहरात मोकळ्या जागांवर आठवड्यातून एकदा जे शेतकरी बाजार भरतात त्यातले बरेच कृषी पणन मंडळाच्या अभियानातले आहेत, संत सावता माळींच्या नावाने २०१६ पासून राज्यभर चालू आहे ते. तिथे एकेक शेतकरी येतोच असं नाही, गट येतात किंवा शेतकरी उत्पादक कंपनी येते. म्हणजे एका गावातल्या पंधरा-वीस जणांचा माल एकाच टेबलावर असतो आणि विकायला त्यातली दोन पोरं उभी असतात. त्यामुळे प्रकार जास्त दिसले म्हणजे लगेच खोटं असं समजू नका. त्यांना विचारायचं की ही भेंडी कुणाच्या रानातली, ती पोरं नाव घेऊन सांगतात, कधी फोन लावून देतात. किवीचं मात्र तुमचं बरोबर आहे, किवी आणि सफरचंद जिथे दिसेल तिथे मीही पुढे जाते.

आमच्याकडच्या बाजारात मी कायम एकाच गटाकडून घेते आणि त्याचा फायदा कुठल्याही डिस्काउंटपेक्षा मोठा आहे. पुढच्या आठवड्याला काय येणार ते आधी कळतं, मला चवळीची पालेभाजी हवी म्हटलं तर ते घेऊन येतात, इंद्रायणी तांदूळ मावळातून त्यांच्याच ओळखीने मिळतो, नवा का जुना ते स्पष्ट सांगतात (नवा चिकट होतो, खिचडीला छान, पाहुण्यांना मोकळा भात वाढायचा असेल तर जुना मागा). पावसामुळे माल कमी आला तर नेहमीच्यांना बाजूला काढून ठेवतात. आठवडाभराचं एकदम घेत असाल तर पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग काकडी-दोडका-दुधी, शेवटी भोपळा, बटाटा, मोडाची कडधान्यं. असा क्रम लावला की फेकायला काही राहत नाही.

मोगरा_वारजे

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! मंडईत मेट्रोने जाणं तर या रविवारीच करते, सासूबाईंना घेऊन.

पुरंदरवाले दादा, मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, भाव करावा का? आमच्याकडे बाजारात भाव केल्याशिवाय कुणी घेतच नाही, शेतकऱ्यालाही ते अपेक्षित असतं, पण तुमचं वाचून जीभ रेटणार नाही. आणि दुसरं, सीताफळ. घरी आणते ते एक तर दगडासारखं राहतं किंवा एका रात्रीत काळं पडतं.

पुरंदर_बागायत

भाव करा, त्यात काही नाही. पण सकाळी सकाळी एका जुडीवर करू नका. दोन किलो, पाच किलो घ्या आणि मग म्हणा की एवढं घेतोय तर कसं लावणार, आम्हीच कमी करतो, वर दोन घालून देतो. उशिरा आलात तर उरलेला माल अजून कमी भावात मिळेल, पण तो निवडून राहिलेला असणार हे धरून चाला. ज्या भाजीचे भाव पडलेत, टोमॅटो किंवा कोथिंबीर रस्त्यावर टाकायची पाळी आलीय असं बातम्यांत दिसतंय, त्या आठवड्यात तरी त्या भाजीचा भाव करू नका, एवढी विनंती.

सीताफळाचे डोळे बघा. दोन डोळ्यांमधली खाच रुंद झालेली आणि पिवळसर-पांढरट दिसली की त्याला आम्ही डोळे उघडलेत म्हणतो, ते फळ एक-दोन दिवसांत पिकतं. खाचा बंद असल्या, सगळं फळ एकसारखं हिरवं गच्च असलं तर ते कोवळं तोडलेलं आहे, ते कधीच नीट पिकणार नाही, काळं पडेल. घरी आणून वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पिकायच्या आधी फ्रीजमध्ये घालू नका. सगळी एका वेळी पिकतील अशी घेऊ नका, डोळे उघडलेली दोन, जरा मागची चार अशी निवडा. गोल्डन नावाचं मोठं, कमी बियांचं सीताफळ येतं हल्ली, ते जास्त टिकतं आणि गरही भरपूर, पण वासाला आमचं गावरानच.

घाटमाथा_भटकंती

सगळे नेहमीच्या भाज्यांवर बोलताय, पावसाळा राहिला. वारज्यात राहताय म्हणजे तुम्ही खरं तर सगळ्यात चांगल्या जागी आहात. खडकवासला-डोणजे-पानशेत रस्ता हाकेच्या अंतरावर, आणि दुसऱ्या बाजूला चांदणी चौकातून पिरंगुट-पौडचा रस्ता. पाऊस सुरू झाला की या दोन्ही रस्त्यांच्या कडेला गावातल्या बायका पाट्या घेऊन बसतात आणि त्यांच्याकडे ज्या रानभाज्या मिळतात त्या कुठल्याच मंडईत धड मिळत नाहीत. पहिल्या पावसानंतर टाकळा, अगदी कोवळी पानं असतानाच घ्यायचा, नंतर त्याला उग्र वास येतो. मग कुर्डू, फोडशी, भारंगी, आणि श्रावणाच्या आसपास करटुली.

फोडशी पहिल्यांदा बघाल तर गवत वाटेल, पातीच्या कांद्यासारखी दिसते. एकेक रोप सुटं करून मुळाकडचा भाग आणि मधला कडक दांडा काढायचा, दोन-तीन पाण्यांनी धुवायची कारण पानांच्या बेचक्यात माती अडकलेली असते, मग बारीक चिरून भरपूर कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. निवडायला वेळ जातो, पण घरातल्या सगळ्यांनी बसून निवडली तर गप्पांत होऊन जाते. भारंगीची पानं कडू असतात, उकडून पाणी पिळून टाकायचं. करटुली घेताना एक मधून कापून बघायला सांगा, बिया पांढऱ्या मऊ असतील तर अख्खी भाजी करा, लालसर कडक झाल्या असतील तर काढाव्या लागतात.

मात्र जी भाजी ओळखता येत नाही ती स्वतः रानातून खुडून आणू नका, आणि अळंबी तर अजिबात नाही. ओळखीच्या, वर्षानुवर्षं तिथेच बसणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि कशी करायची ते तिलाच विचारा. मी असं विचारत विचारतच शिकले, त्या बायकांना या भाज्यांचं जे ज्ञान आहे ते बघून दर पावसाळ्यात मी थक्क होते, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतल्या मुलींना यातलं निम्मंही येत नाही हे त्याच सांगतात, म्हणून जितकं विचारता येईल तितकं विचारून ठेवा. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव असतो, तिथे एका ठिकाणी पुष्कळ प्रकार बघायला मिळतात, पहिली ओळख करून घ्यायला चांगलं आहे.

आणि कृपया गाडी नीट बाजूला लावा. शनिवार-रविवार त्या रस्त्यांवर इतकी गर्दी असते की लोक चालत्या गाडीतून काच खाली करून भाव विचारतात. उतरा, बसा, पाटी बघा.

सोसायटी_सेक्रेटरी

मोठ्या प्रमाणात घ्यायचं असेल तर मार्केटयार्ड. आम्ही सोसायटीतली काही घरं मिळून रविवारी पहाटे जातो, कांदा, बटाटा, वाटाणा, लिंबं, आणि साठवणीच्या दिवसांत लसूण. भाव दहा किलोवर असतो, माल पोत्यात किंवा डागात, म्हणजे अख्ख्या बांधलेल्या नगात, त्यामुळे घरी येऊन वाटून घ्यावं लागतं. शनिवारी फळभाजी विभाग बंद असतो, हेलपाटा मारू नका. तिथे शेतकरी भेटेलच असं नाही, त्या अर्थाने तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही, पण वाटाण्याच्या सीझनमध्ये सोलून फ्रीजरला भरायचा असेल तर दुसरा पर्याय नाही.

आंब्याचं मात्र वेगळं. आंबा मी पणन मंडळाच्या आंबा महोत्सवातूनच घेतो, कोकणातले बागायतदार स्वतः येतात. बाहेर कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून सर्रास खपवला जातो, दिसायला सारखाच असतो, कापल्यावर कळतं. २०१८ मध्ये हापूसला मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांसाठी, त्यामुळे पेटीवर गाव काय लिहिलंय ते आधी वाचा आणि बागायतदाराला बाग कुठे ते विचारा.

शुक्रवार_पेठ

मोगराताई, सासूबाईंना घेऊन येताय तर रविवार टाळा, तुळशीबागेच्या गर्दीत त्यांचे हाल होतील. मंगळवार-बुधवार सकाळी आठ-साडेआठला या. आणि कापडी पिशव्या दोन जास्त आणा, पालेभाजी वेगळी राहू दे, वर टोमॅटो पडले की चुरा होतो. सुपं-टोपल्या लागत असतील तर बुरूड आळी तिथून चालत आहे.

मोगरा_वारजे

बुधवार ठरला मग. पानशेत रस्त्यावर पहिला पाऊस पडला की जाते, फोडशी करून बघते आणि इथेच कळवते कशी झाली ते. एनडीए रोडला उत्तमनगरलाही उपबाजार आहे असं आज शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्यापासून तो सगळ्यात जवळ पडेल. तिथे कुणी नियमित जात असेल तर वेळ आणि काय चांगलं मिळतं ते लिहा ना.